पंगत आणि पाकगृह : न्यू ऑर्लिन्समधील क्रिओल आणि केजन भोजनगृहांचा इतिहास

१

शहराच्या नकाशावरील शब्द पुष्कळदा त्या शहराच्या इतिहासाचे संक्षिप्त टिपण असते. अमेरिकेतील बहुतेक शहरांत ‘डाउनटाउन’ म्हणजे कचेऱ्यांचा, उंच इमारतींचा मध्यवर्ती भाग. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र या शब्दाला एक जुना, स्थानिक अर्थ आहे. मिसिसिपी नदीचे पाणी ज्या दिशेने वाहते ती ‘खालची’ बाजू आणि प्रवाहाच्या उलट ती ‘वरची’ बाजू. कॅनाल स्ट्रीट हा रुंद रस्ता या दोहोंची सीमा. त्याच्या खालच्या अंगाला फ्रेंच बोलणारी, कॅथलिक, जुनी क्रिओल वस्ती होती. वरच्या अंगाला १८०३ नंतर आलेले इंग्रजी भाषक, मुख्यतः प्रॉटेस्टंट अमेरिकन लोक राहू लागले. या दोन समाजांचे इतके पटेनासे झाले की १८३६ मध्ये एकाच शहराच्या तीन स्वतंत्र नगरपालिका करण्यात आल्या आणि त्या १८५२ पर्यंत टिकल्या. कॅनाल स्ट्रीटच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याला ‘तटस्थ भूमी’ असे नाव पडले. आज त्या शहरात कोणत्याही रस्त्याच्या दुभाजकाला तेच नाव आहे. भांडण संपले, शब्द उरला.

या ‘खालच्या’ शहरातील भोजनगृहांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. क्रिओल आणि केजन हे दोन शब्द आज जगभरच्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर जोडीने लिहिले जातात. ही जोडी किती अलीकडची आहे, तिच्यामागे किती निराळे दोन भूतकाळ आहेत आणि हे अन्न कोणी रांधले व ते बसून खाण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न पाटी वाचून कळत नाहीत. पाकशास्त्राचा इतिहास लिहिताना पदार्थांच्या वंशावळीवर भर दिला जातो. परंतु पदार्थाइतकेच पंगतीलाही महत्त्व असते, हे ‘पंक्तिभेद’ हा शब्द ज्या भाषेने घडवला त्या भाषेच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

२

प्रथम ‘क्रिओल’ या शब्दाकडे वळू. स्पॅनिश ‘क्रिओयो’ आणि पोर्तुगीज ‘क्रिओलो’ या रूपांचा मूळ रोख जन्मस्थानाकडे आहे : जो वसाहतीत जन्मला तो क्रिओल. मग तो युरोपीय आईबापांचा असो, आफ्रिकी गुलामांचा असो वा दोहोंच्या मिश्र वंशाचा. भाषाशास्त्राने हाच शब्द संकरातून स्थिर झालेल्या भाषांसाठी घेतला. या दुसऱ्या अर्थाने क्रिओल महाराष्ट्रातही आहे. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज-आधारित क्रिओल बोलतो आणि त्या बोलीवर शेजारच्या मराठीचा दाट ठसा उमटलेला आहे. वसाहत जिथे जिथे गेली तिथे तिथे स्वयंपाकघर आणि भाषा या दोन ठिकाणी असे संकर घडले.

लुइझियानाची वसाहत फ्रेंचांची. न्यू ऑर्लिन्स वसले १७१८ मध्ये. १७६२ च्या गुप्त तहाने ती स्पेनला मिळाली. शतकाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सकडे गेली आणि १८०३ मध्ये नेपोलियनने ती अमेरिकेला विकली. १७८८ आणि १७९४ च्या मोठ्या आगींत जुने शहर जवळजवळ सारे जळाले आणि स्पॅनिश अमलाखाली ते नव्याने बांधले गेले. त्यामुळे ज्याला आज ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणतात त्याचे वाडे, चौक आणि लोखंडी कठड्यांचे सज्जे पाहताना फ्रान्सपेक्षा स्पेनचीच आठवण व्हावी, अशी स्थिती आहे. या शहरात गोरे आणि गुलाम यांच्याखेरीज तिसरा एक मोठा वर्ग होता. तो म्हणजे ‘स्वतंत्र वर्णीय लोक’. हे कारागीर होते, व्यापारी होते, वादक होते. काहींच्या नावे मालमत्ता होती. तेही स्वतःला क्रिओल म्हणवीत.

यादवी युद्धानंतर, गुलामगिरी संपुष्टात आल्यावर, या शब्दावरून मोठा वाद पेटला. जॉर्ज वॉशिंग्टन केबल या कादंबरीकाराने ‘द ग्रँडिसाइम्स’ (१८८०) या कादंबरीत एकाच नावाचे दोन सावत्र भाऊ, एक गोरा व एक वर्णीय, समोरासमोर उभे केले. क्रिओल समाजाच्या रक्तात काय मिसळले आहे, हे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. गोऱ्या क्रिओलांना ते झोंबले. शार्ल गायारे या वयोवृद्ध इतिहासकाराने १८८५ मध्ये ट्युलेन विद्यापीठात व्याख्यान देऊन क्रिओल म्हणजे शुद्ध युरोपीय रक्ताचाच, असे ठासून सांगितले. त्याच सुमारास केबल दक्षिण सोडून मॅसॅच्युसेट्सला कायमचा निघून गेला. शब्दाची व्याख्या हा विद्वानांचा खेळ नसतो. कोणाला वारस म्हणायचे आणि कोणाला वगळायचे, हे तिथे ठरत असते.

३

रक्ताची शुद्धता सांगणाऱ्या या दाव्याला ताटातला पुरावा मात्र अनुकूल नव्हता. क्रिओल भोजनाचे मुकुटरत्न मानला जाणारा ‘गंबो’ हा दाट, काळसर, भातावर घालून खाण्याचा रस्सा घ्या. आफ्रिकेतील बांटू कुळातील भाषांत भेंडीला ‘किंगोंबो’च्या जवळपासचे नाव आहे, त्यावरून हा शब्द आला, असे सामान्यतः मानतात. म्हणजे गंबोचे नावच मुळी भेंडी. मराठी गृहिणी भेंडीची तार तुटावी म्हणून तिला आमसूल, चिंच किंवा ताक लावते. आफ्रिकी स्वयंपाकिणीला तीच तार हवी होती, कारण रस्सा दाट होतो तो तिच्यामुळे. जिथे भेंडी नसेल तिथे ‘फिले’ ही सॅसाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालत. ही देणगी तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची. पुढे फ्रेंच पद्धतीची ‘रू’ आली. तेलातुपात पीठ मंद आचेवर भाजत राहायचे आणि ते खमंग, बदामी, मग गडद तपकिरी होईपर्यंत डाव थांबवायचा नाही. बेसनाच्या लाडवासाठी ज्याने पीठ भाजले आहे त्याला या कामातील धीर आणि धास्ती दोन्ही समजतील. कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची या तिघांना तिथले लोक गमतीने ‘पवित्र त्रयी’ म्हणतात. यात मिरची अमेरिकेची, कांदा जुन्या जगाचा आणि नाव चर्चमधले.

स्पॅनिश अमलाची खूण सॉसेजमध्ये सापडते. लुइझियानातील ‘चॉरिस’ हे तिखट डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि गोव्यातील ‘चोरिस’ ही दोन्ही आयबेरियन द्वीपकल्पातील एकाच पूर्वजाची लेकरे आहेत. एक शाखा अटलांटिक ओलांडून पश्चिमेला गेली आणि दुसरी आफ्रिकेला वळसा घालून मांडवीच्या काठी आली. दोघींनाही अमेरिकन मिरचीची साथ मिळाली. ही दोन नावे शेजारी ठेवली की वसाहतवादाचा भूगोल जितका स्पष्ट दिसतो तितका तो राजवटींच्या सनावळीतून दिसत नाही.

आफ्रिकेचा वाटा नुसता शब्दाचा नव्हता. १७१९ पासून गुलामांची जहाजे लुइझियानात येऊ लागली. पुढील दशकात आलेल्यांपैकी फार मोठा भाग सेनेगांबिया भागातला होता आणि त्यांच्यापाशी भातशेतीचे पिढीजात ज्ञान होते. ग्वेन्डोलिन मिडलो हॉल या इतिहासकार विदुषींनी ‘आफ्रिकन्स इन कलोनियल लुइझियाना’ (१९९२) या ग्रंथात जुन्या नोंदींच्या आधारे हे सविस्तर दाखवून दिले. लुइझियानातील गंबोच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक आहे तो १७६४ च्या न्यायालयीन कागदांत, गुलामांच्या चौकशीच्या ओघात. हा रस्सा दरबारी मेजवानीच्या वर्णनात येण्याच्या कितीतरी आधी जबानीत येतो, ही गोष्ट मननीय आहे.

रस्त्यावर ‘काला’ विकणाऱ्या स्त्रियांचाही उल्लेख येथे केला पाहिजे. शिजवून आंबवलेल्या तांदळाचे हे गोड वडे. टोपली डोक्यावर घेऊन कृष्णवर्णीय स्त्रिया ते सकाळी हाळी देत विकत. स्पॅनिश कायद्याने गुलामाला ठरावीक रक्कम भरून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेण्याची मुभा होती. फेरीच्या अशा मिळकतीतून काहींनी स्वतःला, काहींनी आपल्या माणसांना सोडवून घेतले. तळणीच्या पैशांतून विकत घेतलेले स्वातंत्र्य हा क्रिओल पाककलेच्या इतिहासातला सर्वांत उज्ज्वल अध्याय म्हणावा लागेल. पण भोजनगृहांच्या स्मरणिकांतून तो क्वचितच भेटतो.

४

भोजनगृहांचा इतिहास सुरू होतो तो १८४० मध्ये. अँत्वान अल्सियातोर या फ्रान्समधून आलेल्या तरुणाने उघडलेले ‘अँत्वान्स’ सेंट लुई रस्त्यावर आजही चालू आहे आणि त्याच घराण्याच्या हाती आहे. मालकांच्या मुलाने, ज्यूल्सने, १८९९ मध्ये कालवांचा एक अतिश्रीमंत पदार्थ तयार केला आणि त्याला त्या काळच्या सर्वांत धनाढ्य माणसाचे, रॉकफेलरचे, नाव दिले. १९०५ मध्ये बूर्बन रस्त्यावर ‘गॅलटवार्स’ निघाले. १९१८ मध्ये ‘आर्नोज’. वरच्या शहरात, गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये, १८९३ पासून ‘कमांडर्स पॅलेस’ होते. पांढरे टेबलक्लॉथ, गुळगुळीत आरसे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराची सेवा करणारे वेटर आणि फ्रेंच शब्दांनी भरलेले खाद्यपत्र हा या जागांचा थाट. या थाटात एक मूक घोषणा होती : हे अन्न पॅरिसचे वंशज आहे.

हीच घोषणा छापील पुस्तकांतही आढळते. १८८४-८५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कापसाच्या शताब्दीचे जागतिक प्रदर्शन भरले आणि पाहुण्यांच्या कुतूहलाला उत्तर म्हणून १८८५ मध्ये दोन पाकपुस्तके निघाली. एक ख्रिस्ती महिलांच्या संस्थेने काढले. दुसरे, ‘ला क्विझिन क्रिओल’, लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. त्याचा संकलक होता लाफ्काडिओ हर्न, जो पुढे जपानला गेला आणि तिथल्या लोककथांचा भाष्यकार म्हणून कीर्ती पावला. १९०० मध्ये ‘पिकायून’ या वृत्तपत्राने काढलेल्या पाकपुस्तकात जुन्या काळ्या स्वयंपाकिणी नाहीशा होत चालल्या आहेत, आता घरच्या मालकिणींनीच ही विद्या जतन केली पाहिजे, असा सूर आहे. म्हणजे विद्या कोणाची होती याची कबुली त्यात आहे. परंतु ती विलापाच्या रूपात आहे, श्रेयाच्या रूपात नाही. ज्यांच्या हातची चव होती त्या व्यक्ती या पुस्तकांत ‘मामी’ किंवा ‘आँटी’ अशा सामान्यनामांनी वावरतात. त्यांना आडनावे नाहीत.

भोजनगृहांतही रचना तीच राहिली. भटारखान्यात बहुतांशी कृष्णवर्णीय आचारी आणि दिवाणखान्यात केवळ गोरे ग्राहक. मधल्या झुलत्या दारातून थाळी जात होती. ती रांधणाऱ्याला मात्र त्या दारातून ग्राहक म्हणून जाता येत नव्हते. आपल्याकडे अस्पृश्याच्या हातचे अन्न निषिद्ध मानले गेले. तिथे हातचे अन्न चालले, किंबहुना त्याचीच वाखाणणी झाली. निषिद्ध होते ते शेजारी बसणे. विषमतेच्या दोन व्यवस्थांमधील हा फरक समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर लक्षात घ्यावा. अपमानाची जागा बदलली म्हणून त्याचे स्वरूप सौम्य झाले नाही.

५

ही स्थिती सुरुवातीपासून अटळ होती असे मानण्याचे कारण नाही. लुइझियानाच्या १८६८ च्या राज्यघटनेने सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई केली होती. ती मनाई प्रतिक्रियेच्या लाटेत वाहून गेली. १८९० मध्ये रेल्वेत वेगळे डबे सक्तीचे झाले. त्याविरुद्ध न्यू ऑर्लिन्सच्या वर्णीय क्रिओलांनी समिती स्थापन केली. होमर प्लेसी हा तिच्या वतीने १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याने अटक करवून घेतली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला पुढील अर्धशतकाहून अधिक काळ कायद्याचे कवच मिळाले.

प्लेसी ज्या समाजाचा होता त्याचे माहेरघर म्हणजे फ्रेंच क्वार्टरला लागून असलेली ट्रेमे ही वस्ती. भारतीय वाचकाला या वस्तीविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हुगळी जिल्ह्यातील मुसलमान फेरीवाले चिकनचे भरतकाम विकत अमेरिकेत पोचले. त्यांपैकी काहींनी ट्रेमेत बिऱ्हाड केले आणि तिथल्या वर्णीय स्त्रियांशी संसार थाटले. विवेक बाल्ड यांनी ‘बेंगॉली हार्लेम’ (२०१३) या पुस्तकात त्यांची हकिकत शोधून काढली आहे.

याच ट्रेमेत, ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवर, १९४१ पासून ‘डुकी चेस’ हे भोजनगृह आहे. आरंभी ते सँडविच विकणारे छोटेसे दुकान होते. मालकांची सून लिआ चेस (१९२३-२०१९) हिने त्याचा कायापालट केला. तरुणपणी तिने फ्रेंच क्वार्टरमधील हॉटेलात वेट्रेसचे काम केले होते. गोऱ्यांची टेबले कशी मांडतात ते तिने तिथे पाहिले आणि तेच पांढरे टेबलक्लॉथ, तीच चांदीची भांडी आपल्या लोकांसाठी मांडण्याचा हट्ट धरला. कृष्णवर्णीयांना फ्रेंच क्वार्टरच्या दिवाणखान्यांत प्रवेश नव्हता अशा काळात प्रतिष्ठेने जेवण्याची ही जागा होती. रे चार्ल्सने आपल्या एका गाण्यात तिचे नाव गुंफले आहे. साठीच्या आरंभी नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्ते, कृष्णवर्णीय व गोरे दोन्ही, वरच्या मजल्यावर एकत्र बसून गंबो खात आणि पुढचे बेत आखीत. तसे एकत्र बसणे हाच गुन्हा होता. पोलिसांनी तिथे कधी धाड घातली नाही, असे लिआ चेस सांगत असत.

१७ सप्टेंबर १९६० रोजी कॅनाल स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानाच्या उपाहार-कट्ट्यावर चार तरुण जाऊन बसले. तिघे कृष्णवर्णीय होते, एक गोरा. त्यांना अटक झाली आणि शिक्षाही झाली. त्यांचा पुढारी रूडी लोम्बार्ड. त्याच्या नावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६३ मध्ये या शिक्षा रद्द झाल्या. न्यायालयाचा मुद्दा विचार करण्याजोगा होता. शहरात कट्ट्यावर वेगळे बसवण्याचा लेखी नियम नव्हता. परंतु महापौर आणि पोलिसप्रमुख यांनी अशी धरणी चालू देणार नाही असे जाहीर केले होते. राज्यसत्तेचा शब्द कायद्याइतकाच बंधनकारक ठरतो, तेव्हा त्या शब्दाची जबाबदारीही सत्तेवर येते, असा तो निकाल. पुढल्याच वर्षी, १९६४ मध्ये, नागरी हक्क कायद्याने देशभरची उपाहारगृहे सर्वांना खुली केली.

कथा इथे संपवण्याची प्रथा आहे. दार उघडले, अन्याय संपला. रूडी लोम्बार्डला मात्र ती संपलेली वाटली नाही. १९७८ मध्ये त्याने नथॅनिएल बर्टन या अनुभवी आचाऱ्याच्या साहाय्याने ‘क्रिओल फीस्ट’ हे पुस्तक सिद्ध केले. त्यात न्यू ऑर्लिन्सच्या पंधरा कृष्णवर्णीय पाकनिपुणांची नावे, त्यांच्या आयुष्याच्या हकिकती आणि त्यांच्या पाककृती होत्या. लिआ चेस त्यांपैकीच एक. पुस्तक रँडम हाउसने काढले आणि त्याच्या संपादनामागे त्या संस्थेत त्या वेळी काम करणाऱ्या टोनी मॉरिसन होत्या. ज्याने वयाच्या विशीत बसण्याच्या हक्कासाठी तुरुंग पत्करला त्यानेच पुढे श्रेयाच्या हक्कासाठी ग्रंथ केला. या दोन कृतींना एकाच लढ्याचे दोन टप्पे मानले पाहिजे. १९०० च्या पाकपुस्तकातील ‘मामी’ला आडनाव मिळण्यास अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

६

केजन लोकांचा भूतकाळ निराळा आहे. ‘केजन’ हे ‘अकेडियन’चे अपभ्रष्ट रूप. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया परिसरात वसलेल्या या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारांतून उपटून समुद्रापार हाकलले. लाँगफेलोचे ‘इव्हँजेलिन’ (१८४७) हे काव्य त्याच विस्थापनावर आहे. १७६४-६५ पासून त्यांचे तांडे लुइझियानात येऊ लागले आणि न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेकडील दलदलीत, कुरणांत वसले. त्यांचे अन्न खेड्याचे : एकाच भांड्यात शिजणारे, डुकराच्या चरबीतले, नदीनाल्यांत सापडेल त्या झिंग्या-खेकड्यांचे. शहरी क्रिओलाच्या जांबलायात टोमॅटो असतो आणि तो लाल दिसतो. केजनांचा भात मांस करपट परतून तपकिरी होतो. शहराच्या दृष्टीने ‘केजन’ ही दीर्घकाळ शिवीच होती. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजीखेरीज शिक्षण बंद केले आणि मैदानात फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी मंडळ नेमले, तोवर एका पिढीने आपली भाषा मुलांना देणे बंद केले होते.

भाषा गेली, पण रस्सा राहिला. आणि त्यानेच त्या समाजाला नवी प्रतिष्ठा दिली. ओपेलुसस गावाजवळच्या शेतकरी कुटुंबातील तेरा भावंडांत सर्वांत धाकटा पॉल प्रुडोम (१९४०-२०१५) हा १९७५ मध्ये ‘कमांडर्स पॅलेस’चा मुख्य आचारी झाला. १९७९ मध्ये त्याने फ्रेंच क्वार्टरमध्ये, शार्त्र रस्त्यावर, ‘के-पॉल्स’ हे स्वतःचे भोजनगृह उघडले. तिथे जागा राखून ठेवता येत नसे. रांगेत उभे राहायचे आणि रिकाम्या खुर्चीवर, अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायचे. लोखंडी तव्यावर मसाला लावून काळा होईपर्यंत परतलेला त्याचा ‘रेडफिश’ इतका गाजला की देशभर त्याची नक्कल सुरू झाली. मेक्सिकोच्या आखातातील या माशाचा उपसा इतका वाढला की त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. विशेष म्हणजे काळा मासा हा केजनांचा परंपरागत पदार्थ नव्हता. तो प्रुडोमच्या प्रतिभेची निर्मिती होती. जगाने मात्र त्याला परंपरा मानले. ‘केजन-क्रिओल’ ही जोडपाटी याच काळात रूढ झाली. व्यापाराने दोन इतिहासांमधला शंभर मैलांचा चिखल आणि दोनशे वर्षांचा दुरावा एका जोडरेघेने बुजवून टाकला.

७

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फोडले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. नदीकाठच्या उंचवट्यावरील फ्रेंच क्वार्टर बऱ्याच अंशी बचावले. ट्रेमेतील ‘डुकी चेस’मध्ये पाणी शिरले. ते दोन वर्षे बंद राहिले. जमिनीची उंची आणि समाजातली उंची यांचे नाते पुराने पुन्हा एकदा दाखवून दिले. २००७ मध्ये लिआ चेसने चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा चूल पेटवली. ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी अनेक पालेभाज्यांचा जो गंबो ती वर्षानुवर्षे रांधीत आली होती तो तिच्यामागेही त्या घरात शिजतो. ‘के-पॉल्स’ २०२० च्या महामारीत बंद पडले ते कायमचेच.

या साऱ्या हकिकतीतून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? एक गोष्ट निश्चित घेता येईल. पाककृती ही संहिता मानली तर तिलाही कर्तृत्वाचा प्रश्न लागू पडतो. मौखिक परंपरेतील ओवीला जसा ‘अज्ञात’ कर्ता जोडून आपण मोकळे होतो, तसेच स्वयंपाकाच्या बाबतीतही घडते. परंतु अज्ञात असणे आणि नाव न विचारले जाणे या एक गोष्टी नव्हेत. १७६४ च्या चौकशीत गुलाम स्त्रीचे नाव विचारले गेले, कारण तिच्यावर संशय होता. १९०० च्या पाकपुस्तकात ते विचारले गेले नाही, कारण तिच्याकडून फक्त कृती हवी होती. १९७८ मध्ये ते प्रथम आदराने विचारले गेले. न्यू ऑर्लिन्सच्या भोजनाचा इतिहास या तीन नोंदींच्या मधल्या अंतरात आहे. खालच्या शहरातील कोणत्याही टेबलावर आज कोणीही बसू शकतो. ते टेबल ज्यांनी मांडले आणि ज्यांनी त्यासाठी धरणे धरले, त्यांची नावे ठाऊक असणे हे त्या पंगतीला बसणाऱ्याचे किमान कर्तव्य होय.